देवडोहातले सहा मासे

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, ज्यांच्या हाताखाली काम शिकलो त्या सरांजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायलाच हवं होतं त्याच्याजवळ तर मुळीच नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण — कारण काय सांगू? थकलो आहे. सकाळी चहाचं आधण ठेवलं की तेवढ्यानेच दम लागतो, आणि ते उकळेपर्यंत जी दोन-चार मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं, त्यात हे सगळं समोर येतं. रोज येतं. पन्नास वर्षं होत आली.

आधीच सांगतो, गोष्ट माशांची आहे. सहा माशांची. हसू आलं तर खुशाल हसा. मी चोरी केली नाही, कुणावर हात उचलला नाही, कुणाच्या घरात भांडण लावलं नाही. गावात मला मान आहे. रस्त्यात जुने विद्यार्थी भेटले की वाकून नमस्कार करतात, आणि तो नमस्कार घेताना मला काय वाटतं — थांबा, ते नंतर. मी असंच करतो, मुद्द्याजवळ आलो की बाजूला सरकतो. माझी बायको सुमन म्हणायची, तुम्हाला कोथिंबीर आणायला पाठवलं तर तुम्ही आधी भाजीवालीला तिच्या मुलाच्या शाळेचं विचाराल, आणि कोथिंबीर विसरून याल.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. मेहकरच्या रस्त्यावर, पैनगंगेच्या काठी आमचं गाव. गावात नवं कॉलेज निघालं होतं. टिनाच्या छपराच्या चार खोल्या आणि एक प्रयोगशाळा, बस्स. मी तिथे प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, म्हणजे मुलांना बेडूक चिरून दाखवणारा. नोकरी हंगामी होती. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी, त्यांना पोरगा कॉलेजात लागल्याचं कोण कौतुक! विभागाचे प्रमुख पाध्ये सर, पुण्याचे. माणूस फार चांगला होता, हे मुद्दाम सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुम्हाला वाटायचं की त्यांनी मला धाकात ठेवलं होतं. तसं काही नव्हतं. माझ्या तोंडून कधी चुकून ‘मला’ऐवजी ‘मले’ निघून गेलं की ते किंचित हसायचे, एवढंच. त्यात वाईट हेतू नसायचा. पण मी त्या हसण्याला इतका भ्यायचो की त्यांच्यापुढे बोलायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात एकदा धुऊन घ्यायचो.

गावाच्या खालच्या अंगाला भांड्यांचा एक कारखाना सुरू झाला होता. तांब्याची घागर, पातेलं, तपेलं. भट्टीत तापवून ठोकलेलं भांडं काळं पडतं, ते उजळायला तेजाबाच्या, म्हणजे आम्लाच्या, हौदात बुडवतात. हौदातला तेजाब जुना होऊन निळा-हिरवा पडला की नाल्यात सोडून द्यायचे, आणि नाला नदीत. नाल्याच्या तोंडापासून थोडं खाली भोयांचा डोह. त्या डोहावर सात-आठ घरं जगत होती, आणि त्या घरांतला वडीलधारा माणूस म्हणजे किसनबा.

किसनबाविषयी काय सांगू? तेव्हा पन्नाशीचा असेल. काटक, काळाभोर, बोलणं कमी. लिहिता-वाचता येत नव्हतं. नदी मात्र त्याला घरच्या अंगणासारखी माहीत होती. त्याने आणि त्याच्या भावकीने तहसील कचेरीत अर्ज दिला होता, आणि त्यांचं मागणं केवढं? कारखाना बंद करा असं कुणी म्हणत नव्हतं. तेजाबाचं पाणी नाल्यात सोडायच्या आधी एका खड्ड्यात घ्या, त्यात चुना टाका, निवळलं की सोडा. एक चुन्याचा खड्डा! हेही त्यांना कारखान्यातल्याच एका जुन्या तांबटाने सांगितलं होतं. कचेरीने कॉलेजला पत्र पाठवलं की नदीत खरंच काही बिघाड आहे का, ते शास्त्रीय रीतीने तपासून कळवावं.

सर फार खूश झाले. पहिल्याच दिवशी ते मला घेऊन डोहावर गेले. किसनबाने जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाला, “आधी गोगलगाई गेल्या साहेब. मंग शिंपले. मंग झिंगे. मासोळी हाय, पन ज्या दिवशी हौद खाली करतात त्या दिवशी थे पान्यावर येऊन तोंड वासते. कल्ले पाहा तिचे, शेंबडावानी थर जमून राह्यला.” मग त्याने एक मासा धरून, अंगठ्याने कल्ल्याचं झाकण उचलून दाखवलं. एरवी लालभडक असतात ते कल्ले. इथे फिकट, सुजलेले, आणि वर बुळबुळीत पांढुरका थर. परतताना सर सायकल हातात धरून चालत राहिले आणि म्हणाले, “वसंत, हा मनुष्य आपल्याआधी निम्मा अभ्यास करून बसलाय.”

सरांची रीत साधी होती. ते म्हणायचे, नुसतं पाणी तपासून भागणार नाही. हौद सोडला त्या दिवशीचं पाणी दुसऱ्या दिवशी पार पुढे गेलेलं असतं. पाणी वाहून जातं, मासा मात्र तिथेच राहतो. रोज जे पितो, जे खातो, ते त्याच्या यकृतात साठतं. शिंपले गेले म्हणाल तर कारखानदार म्हणेल पुराने गेले, रेतीच्या गाड्यांनी गेले. माशाच्या यकृतात तांबं सापडलं तर काय म्हणेल? फक्त एक गोष्ट हवी — तुलना. नाल्याच्या खालचे सहा मासे आणि वरचे सहा. एकाच जातीचे, वीतभर लांबीचे. वरचे निरोगी निघाले आणि खालचे आजारी, तर प्रश्नच मिटला. वरच्या माशांसाठी सरांनी नकाशावर पेन्सिलीने एक खूण केली. नाल्याच्या वर दीड मैलावर चांगला खोल डोह दिसत होता.

तो देवडोह होता.

महादेवाच्या देवळाला लागून आहे. अजूनही आहे. त्या डोहात जाळं टाकत नाहीत, गळ टाकत नाहीत. सोमवारी बाया कणकेच्या गोळ्या आणि फुटाणे घेऊन जातात, पायरीवर बसून पाण्यात सोडतात, आणि मासे हाताला तोंड लावून खातात. भोईसुद्धा तिथून जाताना जाळं खांद्यावरून उतरवून, गुंडाळून काखेत धरतात. मी आठ वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला, तेव्हा माझ्या आईने त्या माशांना महिनाभर रोज गोळ्या घातल्या होत्या. त्या डोहातले मासे मारायचे, पोट फाडायचं, यकृत काढून जाळायचं — हे सरांना ठाऊक नव्हतं. त्यांना कोण सांगणार होतं? मीच की.

एक वाक्य बोलायचं होतं. ‘सर, त्या डोहात आम्ही जाळं टाकत नाही.’ झालं असतं. सर म्हणाले असते, बरं, मग आणखी वर जाऊ. वर डोहांची काय कमी होती? पण मला दिसलं ते सरांचं हसणं. एवढा बी.एस्सी. झालेला, सूक्ष्मदर्शकापाशी बसणारा, आणि देवाचे मासे म्हणतोय! मी म्हणालो, “हो सर, आणतो.” शुद्ध पुणेरी उच्चारात म्हणालो.

आणखी एक गोष्ट होती, तीही सांगून टाकतो. त्याच महिन्यात माझ्या सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. मुलगी सुमन. तिचे वडील त्याच देवळाचे पुजारी. बैठक झाली होती, पसंती झाली होती, फक्त तिथी ठरायची होती. आता सांगा, देवडोहात जाळं टाकून मासे मारणारा जावई त्या घरात कोण करून घेणार? सरांपुढे अडाणी दिसायचं नव्हतं, आणि सासुरवाडीपुढे पापी दिसायचं नव्हतं. गुपचूप दुसरा डोह गाठला असता तर ते भोयांकडून सरांच्या कानावर गेलं असतं, आणि का म्हणून विचारल्यावर तेच वाक्य बोलावं लागलं असतं. दोन्हीकडे मला चांगलंच दिसायचं होतं.

त्या दिवशीचं सांगतो. सकाळी सायकलला दोन मोठ्या बरण्या बांधून मी भोयांच्या डोहावर गेलो. बरण्यांत औषधाचं पाणी होतं, मासे टिकवायचं. किसनबाने जाळं टाकलं आणि मला सहा मासे दिले. मग मी सायकल मारत वर निघालो, आणि देवळाजवळच्या बाभळीपाशी आलो तर समोर पायरीवर सुमनचे वडील बसलेले. ओल्या धोतरानिशी गंध उगाळत होते. त्यांनी मला पाहिलं नाही. मी बाभळीच्या आड उतरलो. आणि तिथूनच मागे फिरलो.

हे असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आलो. सासरे समोर दिसले, पाय उचलला नाही, चोवीस वर्षांचं वय, चूक झाली. ऐकायला बरं वाटतं की नाही? तुम्हालाही माझी थोडी कीव आली असेल.

पण हे खरं नाही. किसनबाने मला सहा मासे दिले नव्हते. बारा दिले होते. मी मागितले होते.

तो म्हणालाही होता, “बारा काऊन मास्तर? साहेबानं त सहा सांगतले व्हते.” आणि मी म्हणालो होतो, “असू द्या, एखाददुसरा खराब निघतो.” तेव्हा सकाळ होती. तेव्हा मला कुणीही दिसलं नव्हतं. सहा मासे पहिल्या बरणीत, सहा दुसऱ्या बरणीत. दुसऱ्या बरणीची चिठ्ठी तर मी आदल्या दिवशीच कॉलेजात, चांगल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवली होती — ‘वरचा डोह’. देवळापर्यंत सायकल कशाला मारली मग? कुणी विचारलं तर त्या बाजूला गेलेलो दिसावं म्हणून. सासरे पायरीवर नसते तरी मी मागेच फिरलो असतो. आता कळलं, मी एवढा वेळ बाजूला का सरकत होतो?

पुढचं काम सरांनी स्वतः केलं. यकृताची राख करायची, ती आम्लात विरघळवायची, आणि त्यात एक औषध घालायचं. तांबं असलं की सोनेरी तपकिरी रंग चढतो. तांबं जास्त तर रंग गडद. बारा नळ्या ओळीने उभ्या होत्या. पहिल्या सहा भराभर गडद झाल्या आणि सरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग त्यांनी दुसऱ्या सहांत औषध घातलं. त्या नळ्यांकडे बघत ते किती वेळ उभे होते! बाहेर व्हरांड्यात मुलं दंगा करत होती, तर तेही त्यांना ऐकू गेलं नाही. बाराही नळ्या एका रंगाच्या. कल्ले पाहिले तर तेही तसेच, सुजलेले, थर जमलेले.

त्यांनी मला विचारलं, “वसंत, बरण्यांची अदलाबदल तर नाही ना झाली?” मी म्हणालो, नाही सर. आणि ते खरंच होतं, नाही का? अदलाबदल कुठे झाली होती?

सर म्हणाले, मग आपण पुन्हा मासे आणू, या वेळी मी स्वतः येतो. तेव्हा — ऐका हं — तेव्हा मी त्यांना सांगितलं की सर, तो देवडोह आहे. तिथे जाळं टाकत नाहीत. एकदा मी लपतछपत काम उरकलं, पुन्हा गेलो तर लोकांना कळेल, कॉलेजवर मोर्चा येईल. जे वाक्य पहिल्या दिवशी लाजेने बोललो नाही, ते आता खोटं झाकायला वापरलं. सर हसले नाहीत. त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, “अरे, आधी का नाही सांगितलंस? आपण दुसरा डोह बघितला असता. उगाच तुला असलं काम करायला लावलं मी.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या श्रद्धेला आपण दुखावलं म्हणून ते दोन-तीन दिवस माझ्याशी फार जपून बोलत होते.

कचेरीतून उत्तरासाठी तगादा चालूच होता, आणि सरांची बदलीही आली होती. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. प्रामाणिक मनुष्य, त्याने दुसरं काय लिहावं? वरच्या आणि खालच्या माशांत फरक आढळत नाही. तांबं इथल्या मातीतच असावं, कल्ल्यांचा रोगही नदीतला जुनाच असावा. कारखान्याचा दोष सिद्ध होत नाही.

कचेरीत तो कागद कारकुनाने भोयांना मराठीत समजावून सांगितला. मी भिंतीपाशी उभा होतो. बाकीचे कुरकुरत निघून गेले, किसनबा तेवढा थांबला. बाहेर चिंचेखाली त्याने मला गाठलं. “वरचे म्हंजे कुठले मासे, मास्तर?”

दुसऱ्या कुठल्या डोहाचं नाव घेतलं असतं तर पकडलो गेलो असतो. नदीवर त्याची भावकी पसरलेली होती. कुठे कुणाचं जाळं पडलं हे त्याला संध्याकाळपर्यंत कळायचं. देवडोहावर मात्र त्यांच्यातलं कुणीच जाळं टाकत नसे. म्हणून मी म्हणालो, “देवडोहातले.”

“जायं टाकलं तुमी देवडोहात?”

“हो.”

“आनं तिथले बी तसेच निंगाले? कल्ले बी?”

“कल्लेही.”

मला वाटलं, हा आता चिडेल. देवाचे मासे मारले म्हणून गावभर करेल. मी मनात सुमनच्या घरी काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करू लागलो. आणि किसनबाने काय केलं? त्याने खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस! म्हणाला, “आमच्यासाठी पाप घेतलं मास्तर तुमी अंगावर. कोनाले सांगनार नाई मी. माह्या तोंडून निंगनार नाई.” मग उभा राहून डोळे चोळले आणि म्हणाला, “मंग माहेच डोये गेले म्हना. मले वाटे वरची मासोळी चांगली हाय.”

मी काय केलं? मान हलवली. हो कशाला म्हटलं आणि नाही कशाला, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. नाही — ठाऊक होतं. पुन्हा तेच करतोय मी. ‘माहेच डोये गेले’ या त्याच्या बोलण्याला मी होकार दिला.

खड्डा झाला नाही. कशाला होईल? माझं लग्न मात्र झालं, थाटात झालं. पुढे दोन वर्षांनी डोहातली मासोळी इतकी कमी झाली की जाळं टाकणं परवडेना. भोयांची जवान पोरं पेटली होती. पुन्हा अर्ज करू, या खेपेला बुलढाण्याला कलेक्टरकडे जाऊ, म्हणत होती. आणि त्यांना अडवलं कुणी? किसनबाने. मला हे त्याच्या थोरल्या सुनेने सांगितलं. हा माणूस चावडीपुढे उभा राहून म्हणाला होता की मास्तरनं पाह्यलं हाय. मास्तरनं माह्यासाठी काय केलं थे मले माहीत हाय, थो मानूस खोटं बोलनार नाई. नदीलेच रोग हाय, कोनाले दोष देऊ नका. पोरं गप्प बसली. किसनबाचा शब्द होता. मग एकेक घर उठलं. कुणी धरणाच्या कामावर गेलं, किसनबाचा धाकटा शेगावला एका लॉजवर कामाला लागला. सात-आठ घरांतलं एक राहिलं.

त्या बरणीचंही सांगून टाकतो. ‘वरचा डोह’ लिहिलेली बरणी सरांनी जाताना विभागाच्या कपाटात ठेवली. पुढे मी व्याख्याता झालो, प्रमुखही झालो. चांगले नमुने मिळत नव्हते, म्हणून एका वर्षी कुणीतरी चिठ्ठी वाचून, वरचे म्हणजे निरोगी असं समजून, तीच बरणी मुलांपुढे काढली आणि पायंडाच पडला. कितीतरी वर्षं मुलांनी त्या माशाचा सुजलेला, थर चढलेला कल्ला बघून वहीत चित्र काढलं, आणि खाली लिहिलं ‘निरोगी माशाचा कल्ला’. मी त्या वह्या तपासल्या. त्यावर बरोबरची खूण केली, लाल शाईने. त्यातलीच मुलं रस्त्यात मला नमस्कार करतात. काय वाटतं ते मघाशी सांगायचं राहिलं होतं. लाज वाटते, आणि तरी मी हात वर करून आशीर्वाद देतो.

सुमन दर सोमवारी देवडोहावर जायची, अगदी गुडघे जाईपर्यंत. घरी येऊन सांगायची, आज मासे हातातून गोळी घेऊन गेले, एवढं पाऊस-पाणी, एवढी उलथापालथ, पण या माशांना अजून कुणी हात लावला नाही बघा. मी वर्तमानपत्र वाचत असायचो. तिच्या लेखी मी देवाच्या माशांना कधीही न शिवलेला नवरा होतो, आणि ते अगदी खरं होतं. किसनबाच्या लेखी मी त्याच्यासाठी ते मासे मारणारा होतो. तिला सांगितलं असतं तर? ती रागावली नसती. माझ्याकडे बघत राहिली असती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाताला धरून किसनबाकडे घेऊन गेली असती. म्हणूनच सांगितलं नाही. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली.

किसनबा फार जगला. ऐंशीच्या पुढे गेला असेल. शेवटच्या उन्हाळ्यात सुनेने निरोप पाठवला, म्हातारा तुमची आठवण काढतो. आठवड्याभराने गेलो, लगेच नाही. झोपडीपुढे बाजेवर बसला होता. नदीत मासे उरले नव्हते, तरी त्याच्या मांडीवर जुनं जाळं होतं, उगाच हाताला चाळा म्हणून. मला पाहून उठायला लागला, मी त्याला बसवलं. सुनेने चहा आणला. तो म्हणाला, “तुमचं थे पाप मी रोज महादेवाले मांगून घेतो मास्तर. म्हनतो, त्यायच्या नावावर नोको लिहू, माह्या नावावर लिही. माह्यासाठीच केलं त्यायनं.”

तेव्हा सांगता आलं असतं. आसपास कुणी नव्हतं, सून आत गेली होती. सर कधीच वारले होते, सासरेही. नोकरीतून मी निवृत्त झालो होतो. माझं काय जाणार होतं? मी चहा प्यायलो. बशी खाली ठेवली. ऊन चढतंय, निघतो म्हणालो.

तो हो म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला. मी चपला घालत होतो, म्हणून जरा वेळ तिथे होतो. जाळं विणायची बारीक सुई त्याने घेतली, दोरा घेतला आणि उन्हाकडे न धरता, डोळे बारीक न करता, पहिल्याच खेपेत दोरा ओवला. मग जाळ्यातलं फाटलेलं घर शोधून त्याला गाठ मारली. मी ते पाहिलं.

त्याचे डोळे चांगले होते. शेवटपर्यंत चांगले होते. आणि ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.